समुद्राची धोका पातळी

2019च्या दिवाळीत तिथींची अशी गाठ पडली होती की नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन दोन्ही एकाच दिवशी आलं, रविवारी, 27 ऑक्टोबरला. कोकणात पहाटे तुळशीपाशी कारीट फुटली, घरोघर पोह्यांचे चार-पाच प्रकार झाले, आणि त्याच दिवशी अरबी समुद्रातल्या ‘क्यार’ वादळाला हवामान खात्याने सुपर सायक्लोनचा दर्जा दिला. 2007च्या ‘गोनू’नंतर या समुद्रात एवढं मोठं वादळ झालं नव्हतं. पुढे त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी 240 किलोमीटरपर्यंत गेला. पण बातमीतली दिलासा देणारी ओळ वेगळी होती. वादळ पश्चिमेला, ओमानच्या दिशेने सरकत होतं आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्याला ते धडकणार नव्हतं.

ही ओळ अक्षरशः खरी ठरली. क्यार महाराष्ट्रात आलं नाहीच, चक्रीवादळ म्हणून ते कुठल्याच किनाऱ्यावर चढलं नाही. आठ-दहा दिवस समुद्रातच फिरून नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते विरलं. तरीही धनत्रयोदशीपासून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर समुद्र माडांच्या बुंध्यांपर्यंत, काही ठिकाणी अंगणापर्यंत आणि घरांतही आला होता. देवबाग, तारकर्ली, आचरा, देवगड ही नावं त्या आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रांत रोज होती. मुंबईच्या वाहिन्यांवर मात्र ती क्वचितच दिसली. त्याला कारणही तसंच होतं. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला तो दिवस 24 ऑक्टोबर, म्हणजे विधानसभेच्या निकालाचा दिवस. मुख्यमंत्री कोण होणार या प्रश्नापुढे देवबागेत पाणी कुठवर आलं हे विचारायला कुणाला सवड होती?

देवबाग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी नकाशा काढून बघावा. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीहून पुढे वाळूची एक लांबट जीभ गेली आहे. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला संगम. पलीकडे भोगवे आणि निवती. या जिभेवर माडांखाली गाव वसलंय. रस्ता एकच, मधून जाणारा. काही ठिकाणी घराच्या पुढच्या दाराने निघालात तर समुद्र आणि मागच्या दाराने निघालात तर खाडी, दोन्ही हाकेच्या अंतरावर. पर्यटकाला ही जागा स्वर्ग वाटते यात त्याची चूक नाही. पण पाऊस लागून नदी भरून आली आणि त्याच वेळी समुद्राला उधाण असलं, तर नदीचं पाणी मुखाशी अडतं आणि गावात शिरायला पाण्याला दोन दरवाजे मिळतात. उत्तरेकडे तळाशीलची स्थिती अशीच आहे. तिथे कर्लीच्या जागी गड नदीची खाडी, एवढाच फरक.

आता प्रश्न असा की शेकडो किलोमीटर दूर असलेलं वादळ इथे पाणी कसं चढवतं? याचं उत्तर वाऱ्यापासून सुरू करतात, पण ते पंचांगापासून सुरू केलं पाहिजे.

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ घड्याळाआधी तिथीवरून काढत. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधरा धरले की सव्वाअकरा. मुंबईत हा हिशेब पाऊण तासाने चुकतो, कारण भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मालवणात तो बऱ्यापैकी जुळतो. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या आसपास त्यांची ओढ काटकोनात असते तेव्हा भांग. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. भांगाला दोन्ही कमी. हे मच्छीमाराच्या घरातल्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं.

हा हिशेब क्यारच्या तारखांना लावून बघा. अमावास्या 28 तारखेच्या सकाळपर्यंत होती. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या वेळी, दिवेलागणीला, ओहोटी संपून पाणी नुकतं चढायला लागलेलं, आणि फटाके थांबून लोक झोपायला गेले तेव्हा पूर्ण भरती. त्यात आणखी एक योग होता. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना दर महिन्याला एकदा आपल्या सर्वांत जवळ येतो. 2019च्या ऑक्टोबरमध्ये तो दिवस 26 होता. अमावास्या आणि चंद्राची जवळीक दोन दिवसांच्या आत आली की उधाण नेहमीच्या उधाणाहून मोठं होतं. वादळ नसतं तरी त्या दिवाळीत देवबागेचा समुद्र जरा पुढे आलाच असता. हे सगळं वर्षभर आधी सेकंदाच्या हिशेबाने माहीत होतं. त्यात अंदाज करण्यासारखं काहीच नव्हतं.

या चढलेल्या पाण्यावर वादळाने आपली भर घातली. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटरने वर येते. क्यारच्या केंद्रात दाब 922पर्यंत उतरला होता, म्हणजे तिथे पाणी जवळपास दोन हात फुगलं असणार. पण ते भर समुद्रात. 25 तारखेला वादळ रत्नागिरीपासून दोन-अडीचशे किलोमीटरवर होतं, त्यामुळे किनाऱ्यावर दाबाने चढलेलं पाणी वीतभरही नसावं. वाऱ्याचा वाटा त्याहून मोठा. आपल्याकडे वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ पश्चिमेला उभं असताना आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून, नैर्ऋत्येकडून वारा सुटतो आणि पाणी जमिनीकडे रेटत राहतो.

सर्वांत मोठा वाटा मात्र लाटांचा. किनाऱ्याजवळच्या वाऱ्याने उठणारी लाट आखूड असते, पाच-सात सेकंदांनी दुसरी येते. दूरच्या मोठ्या वादळातून सुटलेली लाट लांब असते, दोन लाटांमध्ये पंधरा-सोळा सेकंद जातात. अशी लाट आपली ताकद घेऊन दिवसाला हजार किलोमीटरच्या आसपास चालते. भर समुद्रात ती डोळ्यांना जाणवतही नाही. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात तिचा पाय अडखळला की ती उभी राहते, फुटते, आणि पाण्याचा लोंढा मागे जायच्या आत दुसरी येऊन थडकते. किनाऱ्यावर पाणी साचत जातं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि समुद्र मात्र अंगणात, असं चित्र यातूनच होतं. क्यारच्या याच लाटांनी त्या आठवड्याच्या शेवटी संयुक्त अरब अमिरातीतल्या कलबा शहरात रस्त्यांवर समुद्राचं पाणी आणलं. तिथेही वादळ पोचलं नव्हतं. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, आणि तिथे त्याचं मूळ बहुतेकदा थेट दक्षिण महासागरातल्या वादळांत असतं. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राविषयी माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र, आता या नावाने इशारे देतं.

या सगळ्यात एक गोष्ट बातम्यांतून निसटते, ती म्हणजे वेळ. वेगाने येऊन धडकणारं वादळ एका, फार तर दोन भरत्यांना गाठतं. ‘निसर्ग’ 3 जून 2020ला रायगडात दुपारी घुसलं आणि रात्रीपर्यंत किनारा सोडून गेलं. त्याने घरांची छपरं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या माडा-पोफळींच्या बागा उद्ध्वस्त केल्या, ती नासधूस वाऱ्याची होती. समुद्रात रेंगाळणारं वादळ किनाऱ्याला वाऱ्याने फारसं शिवत नाही, पण चार दिवस राहिलं तर सात-आठ भरत्या त्याच्या हाती लागतात. पहिल्या भरतीत वाळूची पुळण खरवडली जाते. ओहोटीत ती थोडी सावरते म्हणेपर्यंत बारा तासांनी दुसरी भरती येते. मग मर्यादवेलीने धरून ठेवलेला वाळूचा उंचवटा सुटतो, मग माडाची मुळं उघडी पडतात. चौथ्या-पाचव्या भरतीला माड आडवा होतो. क्यार शांत होतंय तोवर 30 ऑक्टोबरला लक्षद्वीपजवळ ‘महा’ तयार झालं, आणि एकाच वेळी अरबी समुद्रात दोन वादळं उभी राहिली.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 ते 2019 या काळातल्या वादळांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध केला. आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 2001नंतर अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. या आकड्याचा मथळा सगळीकडे झाला. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. अरबी समुद्रात वादळं टिकण्याचा एकूण काळ 80 टक्क्यांनी वाढला आहे. तापलेल्या समुद्रावर वादळं जास्त दिवस जगतायत. देवबागेच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक वादळाला जास्त भरत्या मिळतायत.

मच्छीमारांचा हिशेब याहून साधा असतो. जून-जुलैची बंदी संपते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जातो, पण खरा हंगाम पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते डिसेंबर. बांगडा, तारली, सुरमई, याच दिवसांत रापणीला चार पैसे मिळतात. बंदरावर दोन किंवा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या ओढून वर. 2019 साली क्यार आणि महा मिळून ऐन हंगामातले कितीतरी दिवस बावटा उतरलाच नाही. देवगडचं बंदर आडोशाचं, त्यामुळे अशा वेळी परराज्यातल्या नौकाही तिथेच आश्रयाला येतात. जे आधीच बाहेर होते त्यांच्यातल्या एका बुडत्या नौकेवरच्या 17 जणांना नौदलाच्या ‘आयएनएस तेग’ने वाचवलं. त्याच्या दहा वर्षं आधी, 2009च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आलं तेव्हा इशारा वेळेत पोचला नाही आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी मच्छीमार परत आले नाहीत. त्या दहा वर्षांत आपण इशाऱ्याने जीव वाचवायला शिकलो, ही लहान गोष्ट नाही. हवामान खात्यावर विनोद करणाऱ्यांनी फयान आणि क्यारची तुलना जरूर करावी.

पण इशारा कुणासाठी लिहिला जातो ते बघा. तो असतो समुद्रात असलेल्या माणसासाठी आणि वादळ जिथे जमिनीवर चढणार तिथल्या माणसासाठी. वादळ अमुक अक्षांशावर, अमुक किलोमीटर दूर, वाऱ्याचा वेग इतका. लाटांची उंचीही सांगतात, तीन मीटर, साडेतीन मीटर, पण ती खोल समुद्रातली. देवबागेतल्या घरात बसलेल्या बाईला हे हवं असतं की आज रात्री साडेअकराला पाणी चुलीपर्यंत येईल की विहिरीपाशी थांबेल. तिला कुणी ते सांगत नाही.

नदीकाठच्या माणसाला ते सांगतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. कुठला आकडा आला म्हणजे कुठल्या गल्लीत पाणी शिरतं हे तिथलं पोरही सांगेल. 2019च्याच ऑगस्टमध्ये ते पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा निदान आकडा तरी सगळ्यांपाशी होता. समुद्रापासून हवेतल्या अंतराने दीडशे किलोमीटरवर, दख्खनच्या पठारावर वसलेलं म्हैसूरसुद्धा या बाबतीत देवबागेहून सुखी म्हणायचं. त्याच ऑगस्टमध्ये अरबी समुद्रावरून आलेल्या पावसाने वायनाड झोडपलं, ते पाणी कबिनी नदीला आलं, धरणाचे दरवाजे उघडले आणि नंजनगूडला श्रीकंठेश्वराच्या देवळाजवळचा घाट बुडाला, म्हैसूर-नंजनगूड रस्ता बंद झाला. समुद्राने पाठवलेलाच पूर तो, फक्त घाटमाथ्यावरून फिरून आलेला. पण धरणातून किती क्युसेक सुटलं हे तिथे तासातासाला कळत होतं. मुंबईलाही आकडा मिळतो. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते, आणि 26 जुलै 2005च्या 944 मिलिमीटर पावसाबरोबर त्या दुपारची 4.48 मीटरची भरतीही मुंबईकराच्या लक्षात राहिली आहे. सिंधुदुर्गात उधाणाचं पाणी दोन-अडीच मीटरच चढतं. आकडा लहान म्हणून त्याची दखल नाही. पण वाळूच्या जिभेवर वसलेल्या गावाला वर चढलेली एक वीत पुरते.

योगायोग असा की त्याच शरदात, क्यारनंतर पंधरा दिवसांनी, व्हेनिस बुडालं. 12 नोव्हेंबर 2019, आपली त्रिपुरारी पौर्णिमा. (महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली तोही हाच दिवस.) एड्रियाटिक समुद्रावर कमी दाब, दक्षिणेचा सिरोको वारा, पौर्णिमेचं उधाण, आणि ऐन वेळी खाडीवर आलेला एक छोटा भोवरा. पाणी 187 सेंटीमीटरवर गेलं, 1966च्या 194 नंतर सर्वांत वर. अंदाज 145च्या आसपासचा होता, म्हणजे तिथेही चूक झाली. पण मोजमापाची पट्टी प्रत्येक व्हेनिसकराला पाठ आहे. 110 सेंटीमीटरला भोंगा एका सुरात वाजतो, 120ला दुसरा सूर चढतो, मग तिसरा, चौथा. भोंगा ऐकून दुकानदार ठरवतो की माल पहिल्या फळीवर ठेवायचा की माळ्यावर. पुढच्या वर्षी समुद्राचं दार बंद करणारे अजस्र दरवाजेही तिथे सुरू झाले. त्यांचा पैसा आपल्याकडे नाही हे मान्य. भोंग्याचा पैसा नाही असं मात्र कुणी म्हणू नये.

आपण पैसा घालतो तो बंधाऱ्यात. धूपप्रतिबंधक बंधारा ही किनाऱ्यावरच्या प्रत्येक निवडणुकीतली पहिली मागणी आणि शेवटचं आश्वासन. काळ्या दगडांची भिंत जिथे घातली तिथली घरं काही काळ वाचतात, हे खरं. पण लाटेचा जोर दगडावर मरत नाही, तो भिंतीच्या पायाशी वाळू उपसतो आणि टोकापाशी वळून शेजाऱ्याची जमीन खातो. एका वाडीला बंधारा झाला की पुढची वाडी मागणी करते, आणि तिचीही चूक नसते. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातले उपग्रहांचे नकाशे तपासले तेव्हा महाराष्ट्राचा साधारण एक चतुर्थांश किनारा झिजत असल्याचं दिसलं. एवढ्या लांबीला दगड घालणं ना शक्य आहे ना शहाणपणाचं. त्यापेक्षा मर्यादवेलीचे उंचवटे हॉटेलच्या खुर्च्यांसाठी सपाट होऊ न देणं स्वस्त पडेल. ते करायला मात्र कुणाला तरी नाही म्हणावं लागतं.

नुकसानाची मोजणी हा वेगळाच विषय. राज्य सरकारने 2014 साली ‘समुद्राचे उधाण’ आपल्या आपत्तींच्या यादीत घातलं, ते योग्यच झालं. पण पंचनामा होतो तो पडलेल्या घराचा, फुटलेल्या होडीचा, फाटलेल्या जाळ्याचा. खाऱ्या झालेल्या विहिरीचा आणि वाहून गेलेल्या गुंठ्याचा रकाना कुठे आहे? खाडीकाठच्या खारबंदिस्तीला खांड पडून भाताच्या मळ्यात खारं पाणी शिरलं की ते मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढच्या हंगामांवरही सावट राहतं. सातबाऱ्यावर मात्र जमीन तशीच उभी असते. निसर्ग वादळानंतर भरपाई झाडावर मोजली गेली तेव्हा माडाला 250 रुपये आणि पोफळीला 50 रुपये ठरले. लावल्यापासून पाच-सात वर्षांनी धरणाऱ्या आणि पुढे दोन पिढ्यांना पोसणाऱ्या झाडाची ही किंमत. क्यार-महामुळे बुडालेल्या हंगामासाठी मच्छीमारांना सुमारे 65 कोटींचं साहाय्य जाहीर झालं, पण ते 2020च्या पावसाळ्यात. तोवर पुढचा हंगाम आला होता. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी 1,500 कोटी आणि धुपीने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटींची तरतूद सुचवली. विस्थापन हा शब्द सरकारी कागदावर आला, एवढं तरी झालं. देवबागेच्या माणसाला पुनर्वसन सुचवून बघा, तो तुम्हाला चहा देईल आणि विषय बदलेल. त्याची शेती, होडी, खोल्या भाड्याने द्यायचा धंदा, सगळं त्याच जिभेवर आहे.

म्हणूनच आकड्याचा आग्रह. किनाऱ्याची ‘धोका रेषा’ सर्व्हे ऑफ इंडियाने आखलेली आहे, 2019च्या किनारा नियमन अधिसूचनेतही तिचा उल्लेख आहे. पण ती नकाशात आहे, गावात कुणाच्या भिंतीवर नाही. भरतीची कोष्टकं तयार आहेत, लांब लाटांचा अंदाज इन्कॉइस दोन-तीन दिवस आधी देतं, दाब-वाऱ्याचं हवामान खातं सांगतं. या तिन्हींची बेरीज करून एका वाडीपुरता एक आकडा सांगणं अजून व्हायचंय, आणि त्यासाठी आधी हे ठाऊक असायला हवं की मागच्या वेळी पाणी नेमकं कुठवर आलं होतं. क्यारचं पाणी देवबागेत कुठे पोचलं, 2021च्या मे महिन्यात ‘तौक्ते’चं कुठे, हे आज फक्त लोकांच्या बोलण्यात आहे, आणि बोलण्यातलं पाणी दर वर्षी थोडं वाढतं नाहीतर ओसरतं.

त्यामुळे किनाऱ्यावरच्या वाचकांना एक विनंती. येत्या उधाणाला पाणी अंगणात आलं, तर ते उतरायच्या आधी घराच्या जोत्यावर, शाळेच्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर रंगाची एक रेघ मारा. शेजारी तारीख, तिथी आणि वेळ लिहा. एक फोटो ग्रामपंचायतीत द्या, एक तहसील कार्यालयात, आणि पोच घ्या. पाच-सहा वर्षांच्या अशा रेघा हाती असल्या की तुमच्या वाडीची धोका पातळी ठरवण्यासाठी हैदराबादच्या किंवा पुण्याच्या माणसाला सबब उरणार नाही.